हर्लिंगचे पाच कप, चार प्रांत आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात हर्लिंग या आयर्लंडच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या २०२५च्या ऑल-आयर्लंड (म्हणजे अख्ख्या आयर्लंडच्या) फायनलवर चार ओळी टाकल्या होत्या. हाफ-टाइमला टिपरेरी काउंटी (म्हणजे त्या जिल्ह्याची टीम) सहा पॉइंटने मागे होती आणि नंतरच्या अख्ख्या हाफमध्ये त्यांनी कॉर्कला फक्त दोन पॉइंट करू दिले, ३-२७ विरुद्ध १-१८. मला वाटलं होतं लोक वाचतील आणि पान उलटतील, पण पत्रं आली आणि तीही मॅचबद्दल कमी, फॉरमॅटबद्दलच जास्त! काही घेतोय. ज्यांनी स्कोअरचा अर्थ विचारलाय त्यांना इथेच सांगतो, पहिला आकडा गोल आणि दुसरा पॉइंट, बॉल बारच्या खालून जाळ्यात गेला तर गोल म्हणजे तीन पॉइंट, बारच्या वरून दोन खांबांमधून गेला तर एक. म्हणजे टिपरेरीचे ३६, कॉर्कचे २१.

प्रश्न : डब्लिनला येऊन वर्ष झालं, ऑफिसमध्ये एप्रिलपासून सगळे चॅम्पियनशिपबद्दलच बोलतात. एकाच खेळाच्या पाच-पाच चॅम्पियनशिप कशा असतात? आणि गॉलवे नकाशावर पश्चिमेला, मग ते पूर्वेच्या लेन्स्टर प्रांतात काय करतं?
— एक आयटीवाला, डब्लिन

तुमच्या दुसऱ्या प्रश्नात पहिल्याचं अर्धं उत्तर आहे. जीएए म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन १८८४ साली थर्ल्स गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झाली, आणि पुढे सगळा कारभार काउंटी आणि चार प्रांत (मनस्टर, लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट) या चौकटीत बसवला गेला. फुटबॉलमध्ये (जीएएचा गेलिक फुटबॉल, सॉकर नव्हे) हे निदान कागदावर तरी चालतं कारण जवळपास सगळ्या काउंट्या फुटबॉल खेळतात. हर्लिंगचं तसं नाही, कॉनॉटमध्ये वरच्या दर्जाचं हर्लिंग खेळणारी एकटी गॉलवे, मग तिने प्रांतात खेळायचं कुणाशी? म्हणून २००९पासून गॉलवे लेन्स्टरमध्ये खेळते, अल्स्टरमधली अँट्रिमही त्याच वर्षी तिकडे आली. थोडक्यात प्रांत हा हर्लिंगमध्ये नावापुरताच प्रांत आहे, मनस्टर सोडलं तर.

आता पाच कप. सगळ्यात वर लियाम मॅकार्थी कप, त्यात ११ टीम, मनस्टरच्या पाच (कॉर्क, क्लेअर, लिमरिक, टिपरेरी, वॉटरफर्ड) आणि लेन्स्टर ग्रुपच्या सहा. त्याखाली जो मॅकडोना कप, तो २०१८ला आला. त्याखाली ख्रिस्ती रिंग, मग निकी रॅकार्ड, हे दोन्ही २००५चे, आणि सगळ्यात तळाला लोरी माहर, २००९चा. खालच्या चारही कपांना जुन्या हर्लर मंडळींची नावं आहेत, त्यातले जो मॅकडोना हे जीएएचे माजी अध्यक्षही होते. प्रत्येक कप जिंकणारा वर जातो, तळाचा खाली येतो. फुटबॉलमध्ये दोनच पायऱ्या, वर सॅम मॅग्वायर कप आणि खाली २०२२पासून टॅलचन कप.

प्रश्न : प्रांत एवढे विषम आहेत (अल्स्टरमध्ये नऊ काउंट्या, कॉनॉटमध्ये पाच), तर मोडून का टाकत नाहीत? प्रत्येक वर्षी नवीन फॉरमॅट आणतात पण प्रांताला कुणी हात लावत नाही.
— गॉलवेत राहणारे वाचक

हात लावायचा प्रयत्न झाला होता हो. ऑक्टोबर २०२१च्या विशेष काँग्रेसमध्ये (काँग्रेस म्हणजे त्यांची प्रतिनिधी सभा) प्रस्ताव ‘बी’ नावाची गोष्ट मतदानाला आली. कल्पना अशी की फुटबॉलची लीग (चॅम्पियनशिपहून वेगळी, डिव्हिजनमध्ये खेळली जाणारी स्पर्धा) उन्हाळ्यात खेळवायची, तिच्यातूनच ऑल-आयर्लंडचे संघ ठरवायचे, आणि प्रांतिक स्पर्धा वर्षाच्या सुरुवातीला वेगळ्या उरकायच्या. ८५ विरुद्ध ८३, म्हणजे ५०.६ टक्के बाजूने. निम्म्याहून जास्त मिळाले तरी पडला, कारण नियम बदलायला ६० टक्के लागतात. त्या ६० टक्क्यांनी जीएएमध्ये बऱ्याच चांगल्या-वाईट कल्पना गाडल्यात आणि मला ते पूर्ण चुकीचंही वाटत नाही, पण या एका वेळी वाईट वाटलं.

मग २०२३ला मधला मार्ग निघाला. सॅम मॅग्वायरमध्ये १६ टीम, चार-चारचे चार ग्रुप, आणि प्रत्येक ग्रुपमधून तीन टीम पुढे! म्हणजे २४ मॅच खेळवून फक्त चार टीम घरी पाठवायच्या. मे महिन्यात लोक स्टेडियममध्ये यायचे आणि कुणाला काही पडलेलीच नसायची कारण हरलो तरी अजून एक मॅच आहे, तीही हरलो तरी तिसरा नंबर आहे. प्रांताच्या फायनलला पोचणाऱ्या आठही टीमना थेट सॅम मॅग्वायरचं तिकीट असल्यामुळे आणखी एक गंमत झाली, मनस्टर फुटबॉलमध्ये केरीपासून लांबचा ड्रॉ मिळाला की क्लेअरसारखी लीगच्या तिसऱ्या डिव्हिजनमधली टीम फायनलला पोचते (२०२४ला पोचली, केरीकडून हरली) आणि तेवढ्यावर वरच्या कपात जाते, आणि तिच्यापेक्षा लीगमध्ये वर असलेली कुणीतरी टॅलचन कपात. शेवटी फेब्रुवारी २०२५च्या काँग्रेसने ग्रुपच काढून टाकले आणि २०२६पासून वेगळी पद्धत ठरवली, पहिल्या राऊंडमध्ये १६ टीम खेळतील, जिंकणारे आठ एका बाजूला, हरणारे आठ दुसऱ्या, हरणाऱ्यांना एक संधी अजून, दुसऱ्यांदा हरलात की बॅग भरा. हे बरं आहे. पण प्रांत तिथेच आहेत बरं का.

का आहेत? कारण प्रांतांकडे स्वतःच्या समित्या आहेत, गेटचे पैसे आहेत, आणि अल्स्टरच्या फुटबॉल फायनलला जाणाऱ्या माणसाला सांगून बघा की ही स्पर्धा बंद करूया. लाउथने २०२५मध्ये लेन्स्टर जिंकलं, १९५७ नंतर पहिल्यांदा. त्याआधी डब्लिनने सलग १४ वर्षं जिंकलं होतं आणि सगळे म्हणत होते की लेन्स्टर मेलं. त्या दिवशी लाउथमधल्या एका तरी माणसाने प्रांत मोडा म्हटलं असतं का?

प्रश्न : स्पष्ट बोलतो. खालच्या टीम वर आल्या की तीस-तीस पॉइंटने हरतात. मग ही बढती-घसरण कशासाठी? दहा काउंट्यांचं हर्लिंग आहे, दहांनीच खेळावं.
— लिमरिकहून, नाव नको

नाव नको लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर ऑफली काउंटीवाले शोधत आले असते.

तुमचा मुद्दा खोटा नाही. २०१८ला ठरलं होतं की जो मॅकडोना कपच्या दोन्ही फायनलिस्टना वरच्या कपात एक मॅच द्यायची, मनस्टर आणि लेन्स्टरमध्ये तिसऱ्या आलेल्या टीमविरुद्ध. ऐकायला झकास. प्रत्यक्षात फायनल झाली की बहुतेकदा आठवडाभरात ही मॅच, जिंकलेले अजून उतरलेले नाहीत आणि हरलेल्यांना मैदानाचं तोंड बघायची इच्छा नाही. २०२३ला ऑफली फायनलमध्ये कार्लोकडून एक्स्ट्रा टाइममध्ये हरले आणि मग टिपरेरीसमोर उभे, ७-३८ विरुद्ध ३-१८. बत्तीस पॉइंट. या सगळ्या वर्षांत एकदाच खालची टीम जिंकली, २०१९ला लीशने डब्लिनला हरवलं, आणि अजूनही प्रत्येक वादात तीच मॅच काढली जाते. एका मॅचवर एवढा भार टाकायला नको, ती पद्धत मलाही आवडत नव्हती.

पण बढती म्हणजे ती एक मॅच नव्हे. बढती मिळालेली टीम लेन्स्टर ग्रुपमध्ये पाच मॅच खेळते, आणि तिथलं चित्र वेगळं दिसतं. वेस्टमीथने २०२३ला वेक्सफर्डला वेक्सफर्डच्याच मैदानावर हरवलं, हाफ-टाइमच्या आसपास पार बुडालेले होते तिथून वर येऊन. कार्लोने २०२४ला किलकेनीशी बरोबरी केली, ज्या किलकेनीकडे ३६ ऑल-आयर्लंड आहेत त्या किलकेनीशी. त्याच वर्षी अँट्रिमने वेक्सफर्डला घरी बोलावून हरवलं. गंमत किंवा वाईट म्हणा, वेस्टमीथ आणि कार्लो दोघंही त्या-त्या वर्षी खाली गेलेच. एक वर्ष वर, एक वर्ष खाली, आणि टीम बांधायला लागतात चार-पाच.

ऑफलीचंच बघा ना. १९८१, १९८५, १९९४, १९९८, चार ऑल-आयर्लंड. २०१८ला लेन्स्टरमधून खाली, २०१९ला जो मॅकडोनामधूनही खाली, म्हणजे १९९८चे चॅम्पियन एकवीस वर्षांत तिसऱ्या दर्जाच्या कपात! २०२१ला ख्रिस्ती रिंग जिंकून एक पायरी वर, २०२४ला जो मॅकडोना जिंकून अजून एक, आणि त्याच २०२४मध्ये त्यांच्या अंडर-२०च्या पोरांनी काउंटीची त्या वयोगटातली पहिली हर्लिंग ऑल-आयर्लंड जिंकली, टिपरेरीला हरवून. २०२५ला ऑफली लेन्स्टरमध्ये टिकली आणि अँट्रिम खाली गेली, तिच्या जागी किल्डेअर आली. आता सांगा, तुमच्या दहांच्या यादीत ऑफली २०१९ला असती का? नसती. मग त्या पोरांनी कुठली जर्सी घालायची होती?

एक अन्याय मात्र नोंदवतो. लेन्स्टरचा तळाचा थेट खाली जातो. मनस्टरचा तळाचा मात्र सहज खाली जात नाही, केरीने जो मॅकडोना जिंकला तरी तिला आधी मनस्टरच्या शेवटच्या टीमशी वेगळी मॅच खेळून मगच वर यायचं, असा नियम होता. बाकीच्यांना कप पुरतो, केरीला कप अधिक एक परीक्षा. वॉटरफर्ड तर मनस्टरच्या राउंड-रॉबिनमधून २०२५पर्यंत एकदाही बाहेर पडलेली नाही, तरी तिच्या खुर्चीला धक्का नाही. (वॉटरफर्डकरांनो, रागावू नका, २०२० ला नॉकआउट होतं तेव्हा तुम्ही फायनलला होतात हे मला माहितीये, आणि त्यातच सगळं आलं की नॉकआउट तुम्हाला बरं पडतं.)

प्रश्न : मी शाळेत पीटी शिकवायचे, आता मुलाकडे लेट्रिमला आलेय. इथे हर्लिंग जवळपास दिसतच नाही. कितीतरी वर्षांपासून ‘हर्लिंगचा प्रसार’ ऐकतोय म्हणतात इथले लोक. कुठे अडतं नेमकं?
— एक निवृत्त शिक्षिका

ताई, या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा, म्हणून उत्तर लांबणार.

आजवर ऑल-आयर्लंड हर्लिंग जिंकलेल्या टीम १३, त्यातही लंडन (१९०१) आणि केरी (१८९१) धरून. अल्स्टरमधलं एकही नाव नाही, अँट्रिम दोनदा फायनलला पोचली, १९४३ आणि १९८९. किलकेनी, कॉर्क आणि टिपरेरी या तिघींनीच बहुतेक कप वाटून घेतलेत. आणि किलकेनी ही काउंटी एक लाखाच्या आसपास लोकसंख्येची! म्हणजे डोकी मोजून हर्लिंग येत नाही.

माझं म्हणणं असं की सगळे काउंटीच्या नकाशाकडे बघतात आणि हर्लिंग तर काउंटीत राहतच नाही, ते गावात राहतं. डाउन काउंटीचं हर्लिंग म्हणजे आर्ड्स द्वीपकल्पातले तीन क्लब, पोर्टाफेरी, बॅलिक्रन, बॅलिगॉलगेट. अँट्रिमचं म्हणजे उत्तरेकडच्या दऱ्या आणि तिथली गावं, त्यातल्याच लॉकगील क्लबने १९८३ आणि २०१२ला ऑल-आयर्लंड क्लब किताब जिंकला. केरीचं हर्लिंग बहुतेक उत्तर टोकाला, बॅलिडफ, लिक्सनॉ, कॉजवे, दक्षिणेत गेलात की हर्ली (खेळायची काठी) क्वचितच दिसेल. गॉलवेतही तसंच, दक्षिण आणि पूर्व हर्लिंग, उत्तर फुटबॉल. डेरीमधलं स्लॉकनील हे एक छोटं खेडं, २०१६ला त्यांच्या क्लबने अल्स्टरचं फुटबॉल, हर्लिंग आणि कॅमोगी (म्हणजे बायकांचं हर्लिंग) असे तिन्ही किताब एका वर्षात घेतले. काउंटी डेरीची हर्लिंग टीम काही तिकडे नव्हती हां. गाव होतं.

आता वरून कार्यक्रम येतो तो काउंटी बोर्डाकडे. बोर्डावर फुटबॉलवाले बसलेत, त्यांच्या मैदानांवर फुटबॉलच्या वेळा ठरलेल्यात, आणि हर्लिंगचा कोच सहा महिने येतो, शाळेत दहा हर्ली ठेवून जातो, त्या कपाटात राहतात. त्यातून एखादी अंडर-१० टीम उभी राहिली तरी तिने खेळायचं कुणाशी, काउंटीत दुसरी टीमच नाही! तीच-तीच दोन गावं एकमेकांशी वर्षभर खेळणार, आणि १४व्या वर्षी पोरगं कंटाळून फुटबॉलला. दर उन्हाळ्यात नवीन पोरं येतातच, सहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी कूल कॅम्प असतात आणि ते खच्चून भरतात. गळती नंतर आहे. म्हणून माझ्या मते शेजारच्या तीन-चार काउंट्यांचे क्लब एका लीगमध्ये घालणं हा खरा सुधार, तसे काही सुरूही झालेत, उत्तरेकडे टाइन लीग आहे, त्यात क्लब काउंटीची सीमा ओलांडून खेळतात, आणि १६-१७ वयाच्या पोरांसाठी सेल्टिक चॅलेंज. यांच्या फायनलचे फोटो पेपरात येत नाहीत, पण हर्लिंग तिथे वाढतंय.

आणि आता तुमच्या लेट्रिमची गोष्ट. २०२३च्या शेवटी एक प्रस्ताव आला की ज्या काउंट्यांत पाचपेक्षा कमी मोठ्यांचे हर्लिंग क्लब आहेत त्यांना नॅशनल हर्लिंग लीगमधून काढायचं, पैसा आणि मेहनत क्लबवर लावायची. नावं होती लेट्रिम, कॅव्हन, फरमॅना, लाँगफर्ड, लाउथ. कागदावर वाचलं तर तर्क माझ्यासारखाच वाटतो ना, गाव आधी काउंटी नंतर? मी पण दोन मिनिटं मान डोलावली असती. पण खेळाडूंनी जी बोंब ठोकली ती ठोकायलाच हवी होती, कारण पोरगं क्लबमध्ये खेळत राहतं ते एक दिवस काउंटीची जर्सी मिळेल म्हणून, ती काढून घेतली तर त्या चार क्लबांतलं उरलेलंही संपेल. सेंट्रल कौन्सिलने (जीएएच्या मध्यवर्ती समितीने) प्रस्ताव परत पाठवला.

लेट्रिमने २०१९ला क्रोक पार्कवर (डब्लिनमधलं जीएएचं मुख्य स्टेडियम) लोरी माहर कप जिंकला होता, लँकाशायरला एक्स्ट्रा टाइममध्ये हरवून. हो, इंग्लंडमधलं लँकाशायर, स्थलांतरित आयरिश लोकांची टीम. त्या लेट्रिम टीममध्ये झॅक मोरादी होता. इराकमधल्या रमादीजवळ निर्वासितांच्या छावणीत जन्मलेला कुर्दिश मुलगा, २००२ला अकरा वर्षांचा असताना कुटुंबासोबत कॅरिक-ऑन-शॅननला आला, तिथे शाळेत हातात हर्ली मिळाली. नंतर डब्लिनला राहायला गेला तरी खेळला लेट्रिमसाठी. तळाचा कप नसता तर हा माणूस क्रोक पार्कवर कधी उतरला असता? ज्यांना वाटतं की पाच कप म्हणजे उगाच पसारा त्यांनी त्या फायनलचं रेकॉर्डिंग शोधावं.

ताई, तुम्ही पीटी शिकवलीत, तर एक सांगतो. जवळच्या क्लबला फोन करून विचारा अंडर-८ला मदत हवीये का. खेळ माहीत नसला तरी चालतं, पोरांना रांगेत उभं करता येणारी माणसं त्यांना कायम कमी पडतात.

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, वर्गातली मुलं पाचव्या वर्षापासून हर्ली घेऊन फिरतात. उशीर झाला का? लागेल किती? भीतीही वाटते, काठी आणि कडक चेंडू.
— एक आई, डब्लिन

उशीर नाही झालाय. थोडा मागे असेल, पण १२ वर्षांखाली गो गेम्स नावाची पद्धत आहे, छोट्या टीम, छोटं मैदान, प्रत्येक मुलाला पूर्ण वेळ खेळायला मिळालंच पाहिजे, कप-बिप नाही. म्हणजे तुमचा बाकावर बसणार नाही. हेल्मेट आणि चेहऱ्यावर जाळी सगळ्यांना सक्तीची आहे, २०१०पासून मोठ्यांनाही, त्याआधी मोठे बिनहेल्मेटचे खेळायचे आणि ते फोटो बघू नका. लहानांचा बॉलही मऊ असतो.

हर्ली मुलाच्या कमरेपर्यंत येईल एवढी घ्या, ‘पुढच्या वर्षी होईल’ म्हणून मोठी घेऊ नका प्लीज, जड काठीने मनगट नुसतं भोपळ्यासारखं होतं आणि पकड कायमची बिघडते. बाकी एक भिंत शोधा. हर्लिंग भिंतीवर शिकतात, दहा मिनिटं डावीकडून, दहा मिनिटं उजवीकडून, रोज. पहिले दोन महिने बॉल तिसरीकडेच जाईल, जाऊदे.

आणि डब्लिनला असाल तर वेळ छान निवडलीत. २०२५च्या जूनमध्ये डब्लिनने एक खेळाडू रेड कार्डने बाहेर असताना क्वार्टर-फायनलमध्ये लिमरिकला काढलं (सेमीत कॉर्कने सात गोल घातले ते सोडा), आणि त्याच वर्षी जानेवारीत ना फियाना हा शहरातलाच क्लब ऑल-आयर्लंड क्लब चॅम्पियन झाला. शहरात हर्लिंग रुजतं हे सिद्ध झालंय, त्याला पंचवीस-तीस वर्षं लागली एवढंच.

प्रश्न : हर्ली ॲश झाडाच्या लाकडाची असते ना, ते झाड मरतंय असं वाचलं.

हो. ॲश डायबॅक नावाचा बुरशीचा रोग, आयर्लंडमध्ये २०१२ला पहिल्यांदा सापडला आणि आता सगळीकडे आहे. हर्लीला झाडाचा बुंधा लागतो, मुळाकडे वळतो तो भाग, कारण तिथे लाकडाची रेषाही वळते आणि काठी तुटत नाही. आता बांबूच्या आणि सिंथेटिक हर्ली निघाल्यात, काउंटीचे खेळाडूही वापरतात. जुने लोक नाक मुरडतात, पण पोरांना फरक पडत नाही आणि पडायचंही कारण नाही.

प्रश्न : मुलीसाठी काय? कॅमोगी वेगळी संघटना का?
— कॉर्कहून

खेळ तोच, नियमांत किरकोळ फरक. संघटना तीन आहेत, जीएए, महिला फुटबॉल आणि कॅमोगी, आणि माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०२७पर्यंत तिन्ही एकत्र करायचं ठरवलंय. तोपर्यंत एकाच मैदानासाठी तीन वेळापत्रकं आणि भांडणं. २०२५च्या मेपर्यंत कॅमोगीत खेळाडूंना शॉर्ट्स घालायची परवानगी नव्हती, स्कर्टसारखं स्कॉर्टच घालायचं, मतदान करून बदलावं लागलं! मुलीला पाठवा, बहुतेक क्लबांत लहान वयात मुलं-मुली शेजारी-शेजारीच शिकतात.

प्रश्न : एवढं बोलता तर सांगा, तुमच्या हातात दिलं तर चॅम्पियनशिप कशी कराल?
— तेच, लिमरिकहून नाव नको

परत आलात! बरं.

मनस्टर हर्लिंगला मी बोट लावणार नाही. पाच टीम, चार-चार मॅच, दोघांना घरी जायचं, प्रत्येक रविवारी स्टेडियम फुल, चालतंय ते चालू द्या. लेन्स्टरमध्ये वर आलेल्या टीमला दोन वर्षं अभय, पहिल्या वर्षी तळाला गेली तरी खाली पाठवायची नाही. त्यामुळे ग्रुप सात टीमचा होईल कधीकधी, वेळापत्रकवाले ओरडतील, ओरडू द्या. केरीवाला नियम रद्द, जो मॅकडोना जिंकली की वर, मनस्टरने सहावी खुर्ची मांडावी. जो मॅकडोना फायनल क्रोक पार्कवर मोठ्या मॅचच्या आधी, रिकाम्या स्टेडियममध्ये दुपारी बाराला नाही, आणि टीव्हीवर फुकट.

फुटबॉलमध्ये प्रांत ठेवा पण त्याचं सॅम मॅग्वायरशी नातं तोडा. फायनलला पोचलात, छान, कप घ्या, पण वरच्या कपातली जागा लीगमधून कमवा. याला ६० टक्के मिळणार नाहीत हे मला माहितीये.

आणि एक गोष्ट जिच्यावर माझं घरातही एकमत नाही. पूर्वी फायनल सप्टेंबरमध्ये असायच्या, आता काउंटीचा सीझन जुलैत संपतो कारण त्यानंतरचे महिने क्लबसाठी मोकळे. क्लब खेळाडू खूश आहेत, आणि असायलाच हवेत, आधी त्यांना काउंटी कधी हरते याची वाट बघत उन्हाळा काढावा लागायचा. पण सप्टेंबरात शाळा सुरू असायच्या, फायनलच्या आधीचा अख्खा आठवडा वर्गात झेंडे लागायचे, सोमवारी कप घेऊन खेळाडू शाळेत यायचे. आता जुलैत कप येतो तेव्हा शाळेला सुट्टी. मी फायनल ऑगस्टच्या शेवटापर्यंत ढकलेन, सप्टेंबर नाही, आणि क्लबचे चार आठवडे काउंटी सुरू असतानाच काढून देईन. क्लबवाल्यांनी इथे मला शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घालाव्यात.

प्रश्न : पहिल्यांदा मॅच बघायची तर कुठली? क्रोक पार्कची फायनल?

फायनलची तिकिटं क्लबमधून वाटली जातात, तुमच्यापर्यंत यायची नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमच्या काउंटीची क्लब चॅम्पियनशिप असते, तिची क्वार्टर-फायनल बघा, साइडलाइनच्या इतक्या जवळ उभं राहता येतं की हर्ली हर्लीवर आपटल्याचा आवाज कानात बसतो. तिकीट आधी ऑनलाइन काढा, बऱ्याच मैदानांवर गेटवर रोख घेत नाहीत.